मैदानाचे दफ्तर

३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत भारत आणि रशिया समोरासमोर होते. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्यात निहाल सरिन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा इंटरनेट संपर्क तुटला, त्यांची घड्याळे मात्र चालत राहिली आणि दोघेही वेळ संपून हरले. भारताने दाद मागितली. अपील समितीने खेळाच्या संकेतस्थळाकडून आलेले पुरावे आणि त्या दिवशीच्या जगभरच्या इंटरनेट-बिघाडाची माहिती तपासली. एकमत होईना, तेव्हा जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

निर्णय योग्य होता की नाही, यावर आजही वाद घालता येईल. पण तो वाद घालता येतो, कारण कोणती खेळी कितव्या सेकंदाला झाली आणि संपर्क केव्हा तुटला, हे सगळे नोंदलेले होते. बुद्धिबळाला ही सवय इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. स्पर्धेतला खेळाडू स्वतःच्या हाताने खेळी लिहितो. म्हणून २००८ साली चौदा वर्षांखालील जगज्जेता झालेला विदित तेव्हा कसा खेळत होता, हे आज कोणताही अभ्यासू मुलगा घरबसल्या पडताळून पाहू शकतो. टाळेबंदीच्या काळात विदित, सागर शहा आणि विनोदी कलाकार समय रैना यांनी यूट्यूबवर बुद्धिबळ दाखवायला सुरुवात केली आणि हा खेळ कधीही न पाहिलेला तरुण प्रेक्षक त्यात रमला. त्या यशाचे श्रेय गप्पांना आणि विनोदाला दिले जाते, ते रास्तच आहे. पण त्यांच्या हाताशी पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत नोंदलेला खेळ तयार होता, हेही विसरता कामा नये.

आता खो-खोकडे वळू. हा तर आपल्या मातीतला खेळ. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर या मराठी कर्णधारांच्या संघांनी दोन्ही गटांत नेपाळला हरवले. ते सामने दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर दिसले आणि पुन्हा पाहताही येतात. पण असे खेळाडू ज्या तालुका, जिल्हा आणि आश्रमशाळांच्या स्पर्धांतून वर येतात, तिथल्या एखाद्या सामन्याचे चित्रण हाती लागणे हा दैवयोगच. गुणपत्रिकेत संरक्षकाने काढलेली वेळ असते, बाद झालेले गडी असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘१.४० मिनिटे व दोन गडी’ एवढा उल्लेख येतो. त्या एक मिनिट चाळीस सेकंदांत खेळाडूने पाटीवरच्या आक्रमकांना कसे चकवले, खांबाजवळ किती धोका पत्करला, सूर मारणाऱ्याला कसे हुलकावले, यातले काहीच उरत नाही.

माझे म्हणणे असे की हौशी आणि दुर्लक्षित खेळांच्या थेट ऑनलाइन प्रक्षेपणाचा विचार आपण प्रेक्षकसंख्येच्या अंगाने करतो आणि तिथेच चुकतो. दूरचित्रवाणीचे गणित गर्दीवर चालते, कारण उपग्रहाची वेळ, गाड्याभर यंत्रे आणि माणसे यांचा खर्च जाहिरातीतून काढायचा असतो. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, तशी ही अट गळून पडली. बरा फोन, तिपाई, पॉवर बँक आणि टिकाऊ नेटवर्क एवढ्यावर सामना जगापर्यंत पोहोचतो. पाहणारे चाळीस असोत की चार हजार, खर्च जवळपास तेवढाच. मग ‘हे पाहणार कोण?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हे नोंदवले का नाही?’ हा पुढे येतो. शेतकऱ्याला सातबारा लागतो तो शेजाऱ्यांनी वाचावा म्हणून नव्हे. वेळ आली की हक्क दाखवता यावा म्हणून. हौशी खेळाडूला सामन्याचे चित्रण त्याच कारणासाठी हवे.

नाशिक जिल्ह्याचा क्रीडा-इतिहास या दृष्टीने पाहावा. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि देशाने त्यांच्याकडे वळून पाहिले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर नौकानयन शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघांत होता. सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे देशांतर्गत क्रिकेट खेळतच होती. मे २०२२ मध्ये महिला टी-२० चॅलेंजमध्ये ती दूरचित्रवाणीवर गोलंदाजी करताना दिसली आणि एका रात्रीत तिच्या आगळ्या शैलीची चर्चा देशभर झाली. गोलंदाजी तीच होती, फक्त त्या दिवशी समोर कॅमेरा होता. ही नावे आपल्याला माहीत आहेत, कारण ती कॅमेऱ्यापर्यंत पोहोचली. वाटेत राहून गेलेल्यांची गणती कोणाकडेच नाही.

क्रिकेटची गोष्ट वेगळी, हे मान्य. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना होतो तेव्हा प्रक्षेपण असो वा नसो, प्रत्येक चेंडूची नोंद संकेतस्थळावर उमटते. टेनिस बॉल क्रिकेटनेही बाजाराची वाट न पाहता स्वतःची वाट काढली. रायगड-ठाण्यापासून गावोगावच्या स्पर्धा वर्षानुवर्षे यूट्यूबवर दिसत आहेत, मोबाइलवर गुण लिहिणारी अॅप आहेत. मार्च २०२४ मध्ये ठाण्यात टेनिस बॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा तिला लागणारा प्रेक्षक या प्रक्षेपणांनी आधीच घडवून ठेवला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यावर घाटाघाटांवर ड्रोन फिरू लागले. म्हणजे मराठी माणूस स्थानिक खेळ पाहत नाही, ही तक्रार खोटी आहे. पण बाजार थरार निवडतो. मुलींचा व्हॉलीबॉल, दिव्यांगांचे अॅथलेटिक्स, जिल्ह्याचे तलवारबाजीचे सामने त्याच्या निवडीत बसत नाहीत. म्हणून ही जबाबदारी बाजारावर टाकता येत नाही. ती संघटनांची आहे.

संघटनांना ती का नको असते, याचे एक उत्तर खर्च हे सांगितले जाते. दुसरे उत्तर कोणी उघडपणे सांगत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. म्हणजे प्रमाणपत्राला मोल आहे. ट्रॅम्पोलीनसारख्या खेळाच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याचे प्रकरण आपल्याच राज्यात उघडकीस आले. न झालेल्या सामन्याचा निकाल कागदावर लिहिता येतो. त्याचे तीन तासांचे चित्रण, तारखेसह, सर्वांसमोर मांडणे फार अवघड. ज्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर सरकारी लाभ मिळतो, ती स्पर्धा जनतेला पाहता आलीच पाहिजे. यात खरे तर वाद होऊ नये.

मात्र कॅमेरा आला की न्याय आपोआप येतो, अशी भाबडी समजूतही नको. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या उपांत्य लढतीत ‘बाहेरची टांग’ या डावाला वादग्रस्त चार गुण मिळाले. त्या काही सेकंदांची चित्रफीत राज्यभर फिरली, जो तो पंच झाला आणि खऱ्या पंचाला धमकीचा फोन गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला खांदे टेकले की नाही यावरून शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. चित्रण दोन्ही वेळा होते. नव्हती ती चित्रणाचा मान राखणारी, सर्वांनी मानलेली पद्धत. आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षक स्पंजचा ठोकळा मॅटवर टाकून निर्णयाला आव्हान देतो, चित्रण तपासले जाते आणि विषय तिथेच मिटतो. अधिकृत नोंद आणि ती तपासण्याचा नियम ही दोन्ही जोडीने आली तर भांडण पंचांच्या टेबलापाशी सुटते. नाही तर ते मोबाइलवर पोहोचते आणि तिथे कधीच सुटत नाही.

यातला सर्वांत गंभीर धोका सट्ट्याचा. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात पोलिसांनी ‘आयपीएल’च उद्ध्वस्त केली. शेतमजूर आणि बेरोजगार तरुणांना रंगीत जर्सी घालून खेळवले जात होते, हर्षा भोगले यांच्या आवाजाची नक्कल करणारा समालोचक होता, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होते आणि पैसे लावणारे बसले होते रशियात. त्याआधी २०२० मध्ये चंदीगडजवळच्या एका गावातले सामने श्रीलंकेतली लीग म्हणून दाखवले गेले होते. छोट्या सामन्याचे प्रक्षेपण सटोडियाला सोयीचे असते, कारण तिथे खेळाडू गरीब असतो आणि लक्ष ठेवणारा कोणी नसतो. यावर प्रक्षेपण बंद करणे हा उपाय नव्हे. प्रक्षेपण संघटनेच्या स्वतःच्या वाहिनीवरून, स्पर्धेचा मान्यता क्रमांक आणि ठिकाण दाखवून झाले, तर बनावट लीग चटकन वेगळी ओळखू येते.

मुलांचा प्रश्न नाजूक आहे. बारा वर्षांची मुलगी शर्यतीत पडते, ते दृश्य कोणी कापून विनोदी संगीतासह फिरवतो आणि ती मैदानावर यायचे सोडते, असे होऊ शकते. पालकांची लेखी संमती, प्रतिक्रियांचा रकाना बंद, पडद्यावर नाव आणि शाळा एवढेच, आणि लहान गटांचे चित्रण केवळ पालक, प्रशिक्षक व निवड समितीला खुले, एवढे पथ्य पाळणे कठीण नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील सर्वांना मूल मानले आहे. संघटनांनी तो वाचावा.

तंत्राने सगळे सुटेल, असेही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडमध्ये एका फुटबॉल सामन्यात स्वयंचलित कॅमेरा चेंडू समजून रेषापंचाच्या टकलाचाच पाठलाग करत राहिला. आपल्याकडची विघ्ने साधी आहेत. मध्यंतरात ध्वनिक्षेपकावर सिनेमाचे गाणे लागते आणि स्वामित्वहक्काच्या दाव्यामुळे प्रक्षेपण मुके होते किंवा अडते. खो-खोला मैदानाच्या एका टोकाला उंचावर कॅमेरा नसेल, तर बसलेल्या आक्रमकांआड धावणारा दिसतच नाही. आणि नाव कळले नाही तर चित्रण निरुपयोगी. इथे निवेदकाचे काम मोठे आहे. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठी कानांना न दिसणारे क्रिकेट दाखवले. गावच्या मैदानावरच्या निवेदकाने प्रत्येक खेळाडूचे नाव आणि क्रमांक स्पष्ट उच्चारला, तरी निम्मे काम झाले. शायरी नंतर.

नाशिकपुरते बोलायचे, तर सुरुवात मोठी करण्याची गरज नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने आणि जिल्हा संघटनांनी येत्या हंगामात प्रत्येक खेळाच्या निदान उपांत्य आणि अंतिम सामन्यांचे अधिकृत प्रक्षेपण करावे आणि ते तारीख, गट व खेळाडूंच्या नावांसह निदान दहा वर्षे जपावे. महाविद्यालयांत माध्यमशिक्षण घेणारी मुले आहेत. त्यांना हे काम सरावाचे होईल. राज्य शासनाने आरक्षण आणि क्रीडागुणांसाठी पात्र स्पर्धांना चित्रणाची अट घालावी. आणि पालकांनी, पदकासोबत मुलीच्या सामन्याचे चित्रणही संघटनेकडे मागावे. मागणाऱ्यांची संख्या वाढल्याशिवाय ही नोंद ठेवायला कोणी बसणार नाही.