हात न लावता दिलेली साथ

इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्याला एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. पाण्यात उतरल्यापासून पलीकडच्या किनाऱ्यावर पाय टेकेपर्यंत त्याने होडीला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. पाणी पंधरा ते अठरा अंशांचे, अंगावर साधा पोहण्याचा पोशाख. थंडी अडवणारा रबरी सूट चालत नाही. या नियमामुळे ही फार एकाकी परीक्षा वाटते आणि बातम्याही तशाच येतात : अमक्याने एकट्याने खाडी जिंकली. हे वर्णन अपुरे आहे, आणि त्याचा तोटा आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठसारख्या तालुक्यातल्या मुलांना होतो, असे माझे मत आहे.

धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर म्हणजे आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या जलतरणपटूंची जुनी कसोटी. धरमतरच्या खाडीतून बाहेर पडताना ओहोटी साधायची आणि मुंबई बंदरात शिरताना भरती. वेळ चुकली तर तासन् तास हात मारूनही किनारा जवळ येत नाही. हे गणित सोबतच्या होडीचा तांडेल सांभाळतो. अधूनमधून दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडली जाते. पोहणारा उताणा होतो, चार घोट घेतो, बाटली सोडून पुन्हा पालथा होतो. दोरी ताणली तर तो होडीकडे ओढला जाईल, म्हणून ती सैल ठेवायची, हेही कुणीतरी ध्यानात ठेवलेले असते.

थंड पाण्यात याहून मोठी जबाबदारी येते. होडीच्या कठड्याशी एकजण घड्याळ घेऊन मिनिटाला किती हात पडतात ते मोजत असतो. साठ, साठ, अठ्ठावन्न. आकडा घसरू लागला की तो पोहणाऱ्याला काहीतरी साधे विचारतो : आज वार कोणता, धाकट्या बहिणीचे नाव काय. शरीर फार गारठले की बुद्धीही मंदावते, त्यामुळे धोका पोहणाऱ्याला स्वतःला कळेलच असे नसते. उत्तर अडखळले तर निर्णय होडीतल्याने घ्यायचा. हात लावला की कित्येक महिन्यांची मेहनत तिथेच संपली. उशीर केला तर जीव जाईल. या खेळातले सर्वांत अवघड काम मला हे वाटते. ते करणाऱ्याचे नाव सहसा छापून येत नाही.

मुंबईचे तारानाथ शेणॉय यांना जन्मापासून ऐकू येत नव्हते, दृष्टीही अधू होती. त्यांनी इंग्लिश खाडी तीनदा पार केली. शिट्टी ऐकू न येणाऱ्या माणसाला भर समुद्रात दिशा दाखवायची, तर सोबत्यांनी किती जवळून आणि किती सतत त्याच्याकडे पाहिले असेल! २०१८च्या जूनमध्ये चार दिव्यांग भारतीय जलतरणपटूंनी ही खाडी रिले पद्धतीने ओलांडली. त्यांत महाराष्ट्राचा चेतन राऊत होता. रिलेत प्रत्येकाने पाळीपाळीने तासभर पोहायचे, क्रम बदलायचा नाही. एकाने माघार घेतली की सगळ्यांचीच मोहीम बाद.

यावर कुणी म्हणेल, अखेर हात मारायचे ते ज्याचे त्यानेच. खरे आहे. पुण्याचा रोहन मोरे फेब्रुवारी २०१८मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून गेला आणि जगातल्या सात अवघड सागरी मार्गांचा संच पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. त्या पाण्यात गारठला तो तोच. त्याच्या जिद्दीतला कणभरही वाटा मी दुसऱ्याला देणार नाही. पण जिद्द पाण्यात उतरायची तर शेजारी होडी लागते, आणि ती जिद्दीने मिळत नाही. इंग्लिश खाडीची एक मोहीम काही लाखांत जाते.

पेठ तालुका सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आहे. नाशिकची गोदावरी पूर्वेकडे जाते. आमच्याकडचे पाणी दमणगंगेतून अरबी समुद्राला मिळते. पाऊस धो धो, उन्हाळ्यात मात्र हंडाभर पाण्यासाठी पायपीट. इथली पोरे डोहात पोहायला शिकतात. पाठीला रिकामा डबा बांधलेला, थोरला भाऊ छातीभर पाण्यात उभा. तो धरत नाही, नुसता उभा राहतो, आणि धाकटा त्याच्यापर्यंत हात मारत येतो. समुद्रातल्या होडीचे सगळे तत्त्व इथे आहे. पण मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की हे शिक्षण थांबते, कारण पुढे कुणी उभे नसते. मुलींना तर तेवढेही मिळत नाही.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायच्या कामाला जात असे. दुष्काळी गाव, पाण्याशी संबंध तो एवढाच. सैन्यात भरती झाल्यावर तिथे त्याला नौकानयन शिकवले गेले आणि २०१६मध्ये तो रिओ ऑलिम्पिकला गेला. अंगातली ताकद गावाचीच होती. होडी आणि शिकवणारा संस्थेने दिला. पेठच्या मुलांकडे पाणी ओळखण्याची जाण आधीच आहे, म्हणजे त्यांना दत्तूहून थोडे कमीच द्यावे लागेल.

म्हणून आदिवासी विकास विभागाला आणि नाशिकच्या जलतरण संघटनांना माझी मागणी आहे. पेठमधल्या आश्रमशाळांसाठी जवळच्या सुरक्षित तलावावर पावसाळा ओसरल्यावर नियमित वर्ग सुरू करा. एक शिकवणारा, मुलींसाठी एक शिकवणारी, एक होडी, दोऱ्या आणि जीवरक्षक जॅकेटे, एवढ्यावर सुरुवात होते. दर वर्षी त्यांतल्या काही मुलांना मालवणच्या चिवला बीचवरील सागरी स्पर्धेला घेऊन जा, आणि पोहता येणाऱ्या प्रत्येक मुलाला होडीत बसून दुसऱ्याचे हात मोजायलाही शिकवा.