दुसरे दान

रक्तदानाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा पहिल्या दानाविषयी असते. शिवजयंतीला, गणेशोत्सवात, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिबिर भरते. तरुण मुले रांगेने येतात, प्रमाणपत्र घेतात आणि घरी जातात. त्यांतील पुष्कळजण पुन्हा कधी येत नाहीत. त्यांना पुन्हा बोलावण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, असा एक प्रश्न यातून निघतो, आणि तो दिसतो तितका सोपा नाही.

कारण दान हे कर्ज नव्हे. ज्याने एकदा दिले त्याच्यावर दुसऱ्या हप्त्याचे बंधन येत नाही. आपण त्याला ‘तुझे अजून बाकी आहे’ असे म्हणू लागलो, तर दानाचा पहिला गुण, म्हणजे ते आपखुशीने दिलेले असणे, हाच नाहीसा होईल.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा असते. तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. एका दिवसात दोनशे पिशव्या जमल्या म्हणून मे महिन्यातली टंचाई टळत नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. उत्सव केव्हा आहे हे त्याच्या शरीराला ठाऊक नसते. शिवाय वारंवार रक्त देणाऱ्याची प्रत्येक वेळी तपासणी झालेली असते, म्हणून त्याचे रक्त अधिक भरवशाचे. पैसे घेऊन रक्त देणारे लोक आपल्याकडे एके काळी सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून ती पद्धत बंद झाली. रक्ताचा बाजार मांडला तर समाजही दरिद्री होतो आणि रक्तही घातक होते, असे रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्येच मांडले होते. बाजार बंद केला ते योग्यच झाले. पण त्याची जागा भरण्याची जबाबदारी तेव्हापासून तुमच्याआमच्यावर आली.

पहिले दान बहुतेकदा देणाऱ्याच्या सोयीने होते. मित्र बरोबर असतात, वातावरण असते, थोडी फुशारकीही असते. त्यात वाईट काही नाही. दुसरे दान मात्र घेणाऱ्याच्या गरजेने होते. त्या दिवशी ढोल वाजत नसतो. एका साध्या मंगळवारी कामातून वेळ काढून रक्तपेढीची पायरी चढावी लागते. केवळ कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीलाच खरे नैतिक मोल, असे कांट म्हणतो. गीतेच्या सतराव्या अध्यायातही, परतफेडीची आशा न धरता, योग्य वेळी, योग्य जागी दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटले आहे. मला मात्र या बाबतीत ॲरिस्टॉटल अधिक जवळचा वाटतो. माणूस चांगली कृत्ये करत करतच चांगला होतो, असे त्याचे म्हणणे. या दृष्टीने पाहिले तर पहिले दान हा प्रसंग आणि दुसरे दान ही सवयीची सुरुवात. पुन्हा बोलावणे म्हणजे वसुली नव्हे. त्या माणसात जे उगवले आहे त्याला पाणी घालणे आहे.

मग बोलवावे कसे? डबा, पिशवी, छत्री यांचे आमिष दाखवून बोलावले तर बाजारच मागच्या दाराने येतो. भीड घालून बोलावले तर माणूस एकदा येईल, पुढच्या वेळी रस्ता बदलेल. त्यापेक्षा खरे सांगावे. पहिल्या वेळी चक्कर आली असेल, तर ती का आली आणि पाणी पिऊन, जेवून आल्यास काय फरक पडतो हे समजावावे. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरले म्हणून परत पाठवलेल्या बाईला ‘तुम्ही नापास’ असे वाटू देऊ नये. तिच्या आहाराची, औषधाची चौकशी करावी. स्वीडनमध्ये दात्याचे रक्त कुणाला दिले गेले, की तसा संदेश त्याच्या फोनवर येतो. कुणाला दिले ते कळत नाही. उपयोगी पडले एवढे कळते. एवढ्या साध्या गोष्टीला आपल्याकडे काय अडचण आहे?

आपल्या सीमाभागात आणखी एक मुद्दा आहे. रक्ताला भाषा नसते, हे वाक्य शिबिरांच्या फलकांवर आपण नेहमी वाचतो. ते खरेच आहे. रक्तगट कुणाची मातृभाषा विचारत नाहीत. पण दात्याला भाषा असते. जो अर्ज नीट वाचता आला नाही, जी सूचना अर्धवट समजली, त्या ठिकाणी माणूस दुसऱ्यांदा कशाला जाईल? तेव्हा मराठी मंडळाच्या शिबिरात कन्नड फलक असावा, कन्नड संघाच्या शिबिरात मराठी असावा. यात कुणाचा पराभव नाही.

हिशेब सोपा आहे. पुरुषाला नव्वद दिवसांनी आणि स्त्रीला एकशेवीस दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. या दिवाळीत ज्यांनी दिले, त्यांतील पुरुषांना माघातल्या गणेशजयंतीला आणि स्त्रियांना शिमग्याच्या सुमारास ते शक्य होईल. घरातल्या कॅलेंडरवर तेवढी एक खूण आजच करून ठेवावी.