कावळा, फांदी आणि बायोस

"काल बायोस अपडेट मारलं अन् आज डिस्प्लेच येईना." नांदेड-लातूरकडच्या संगणकदुरुस्तीच्या दुकानांत हे वाक्य आता कोणाला नवे राहिलेले नाही. विंडोज 11 ने टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट यांची अट घातली. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. काही वर्षे जुन्या मदरबोर्डवर ती अट पुरी करायची, तर बऱ्याचदा सुरुवात बायोस अपडेटपासूनच करावी लागते. ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रे, ट्यूशनच्या नोट्स छापणारी दुकाने, हिशेबनिसांची कार्यालये, सगळीकडे हे काम कोणीतरी कधीतरी केलेलेच असते. शंभरातल्या बहुतेकांचे ते बिनबोभाट पार पडते. ज्यांचे पडत नाही, ते मशीन काखेत मारून दुकानात येतात आणि वरचे वाक्य बोलतात.

या वाक्यात तक्रारीबरोबर निकालही लागून गेलेला असतो. काल अपडेट, आज बिघाड, म्हणजे अपडेटनेच बिघाड. साक्ष झाली, शिक्षा झाली, उलटतपासणी तेवढी राहिली.

आधी घडलेली गोष्ट नंतर घडलेल्या गोष्टीचे कारण केव्हा ठरते? हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. माणसाने नवस बोलायला, ग्रह पाहायला, औषध घ्यायला आणि शेजाऱ्याला दोष द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून तो सोबत आहे. मराठीत त्यावर म्हणही तयार आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृत परंपरा याच प्रकाराला काकतालीय न्याय म्हणते. तिथे फांदीच्या जागी ताडाचे फळ पडते, कावळा तोच आहे.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, मात्र म्हणीवर भागवले नाही. सतराव्या शतकात 'तर्कसंग्रह' लिहिणारे अन्नंभट्ट आणि त्याच शतकातले विश्वनाथ यांच्या हाती आलेल्या या विचाराने कारणाला तीन चाळण्या लावल्या होत्या. ते कार्याच्या आधी असले पाहिजे. दर वेळी, नियमाने आधी असले पाहिजे. आणि ते 'अन्यथासिद्ध' नसले पाहिजे, म्हणजे त्याच्याशिवायही कार्याचा उलगडा होत असेल तर ते बाद. यासाठी कुंभाराचे उदाहरण घेतले जाते. मडक्याच्या आधी माती असते, चाक असते, दंडही असतो; ही कारणे झाली. पण दंडाचा रंगही आधी असतो. कुंभाराचा बापही आधी असतो. माती वाहून आणणारे गाढवही आधी असते. तरीही मडके का झाले याचे उत्तर गाढवाकडे नाही, कारण माती डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते.

बायोस अपडेट हे चाक आहे की गाढव, एवढेच ठरवायचे असते. पण त्यासाठी मशीनच्या आत काय घडते ते पाहावे लागते.

बायोस मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या एका छोट्या आयसीत राहतो. आजच्या बोर्डांवर तिची जागा साधारण 16 किंवा 32 मेगाबाइट असते. बटण दाबल्यावर सर्वांत आधी हाच प्रोग्राम जागा होतो, रॅम तपासतो, डिस्क शोधतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. अपडेट करताना जुना प्रोग्राम पुसून नवा लिहिला जातो, आणि त्या ओघात सेटिंग बहुधा कंपनीतून आली तशी होतात. डिस्कचा मोड रेडवर होता तो एएचसीआयवर जातो, आणि विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही. जुन्या पद्धतीच्या बूटसाठी लागणारे सीएसएम बंद होते. बूटचा क्रम बदलतो. डिस्क शाबूत, विंडोज शाबूत, रॅम शाबूत, आणि पडद्यावर मात्र बूट करण्याजोगे काहीच नसल्याचा निरोप.

एएमडीच्या कित्येक बोर्डांवर अपडेटनंतर आणखी एक संदेश येतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मशीन सांगते की प्रोसेसर नवा आहे किंवा एफटीपीएमच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्याच टीपीएमच्या, साठवणीची रचना बदलली आहे. वाय दाबले तर ती रीसेट होईल, एन दाबले तर जुनी नोंद तशीच राहील. घाईत वाय दाबले जाते. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप चालू असेल तर पुढच्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या कोणत्या खात्यात आहे आणि ते खाते कोणाच्या मोबाइल नंबरवर काढले होते, हे ऑफिसात कोणालाच आठवत नाही. इथे बिघाड झालेलाच नाही. पाया बदलल्याचे कुलपाच्या लक्षात आले आणि ते उघडायला तयार नाही. त्याला त्याच कामासाठी तर लावले होते.

डीडीआर5 रॅमच्या मशीनवर याहून साधी गोष्ट घात करते. अपडेटनंतर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतो, आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळाच. मिनिटभर वाट पाहून माणूस बटण दाबून धरतो. पुन्हा चालू, पुन्हा काळे, पुन्हा बंद. आणि लिहिणे चालू असतानाच लाइट गेली किंवा कोणी प्लग ओढला, तर आयसीत अर्धाच प्रोग्राम उरतो. मग ती आयसी काढून प्रोग्रामरवर फाइल मारावी लागते. दुकानातले वाक्य तेव्हाही तेच असते: अपडेट मारलं अन् मशीन गेलं. अपडेटने जे बिघडवले नव्हते ते अपडेट अर्ध्यात तोडल्याने बिघडले, पण आरोपपत्रावर नाव अपडेटचेच.

कारण शोधण्याची नैयायिकांची रीत अन्वय आणि व्यतिरेक या जोडीवर उभी आहे. हे असते तेव्हा ते असते. हे नसते तेव्हा तेही नसते. दुरुस्तीच्या टेबलावर जाणता कारागीर नेमके हेच करतो. एक रॅम काढतो, चालू करून पाहतो. ती परत लावतो, दुसरी काढतो. सेल काढून, जंपर लावून सेटिंग पुसतो आणि पाहतो. डिस्क सोडवून पाहतो. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हा त्याचा नियम असतो.

घाईचा कारागीर एका दमात सगळे करतो. रॅम काढून खोडरबराने घासतो, सेल बदलतो, एसएमपीएसच्या वायरी काढून घालतो, वरून फॉरमॅट मारतो. मशीन चालू होते. कशाने झाले? ते त्यालाही ठाऊक नसते, पण पुढच्या गिऱ्हाइकाला तो छातीठोकपणे सांगतो की रॅमच घासावी लागते. एका आजारपणात डॉक्टरांची गोळी, वैद्याचा काढा आणि माहूरच्या रेणुकेला नवस असे तिन्ही झाले आणि माणूस उठून बसला, तर श्रेय कोणाला द्यायचे याचा निकाल घरात श्रद्धेच्या तराजूवर लागतो. त्यात कोणी लबाडी करत नसते. तीन गोष्टी एकदम झाल्या, म्हणून तिघींपैकी एकीलाही वेगळे काढता येत नाही, एवढेच.

नवसाबद्दलची एक जुनी ग्रीक गोष्ट रोमन लेखक सिसेरोने नोंदवली आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवळात लावलेली नवसफेडीची चित्रे दाखवून कोणीतरी नास्तिक डायगोरसला विचारले, आता तरी पटते का? तो म्हणाला, बुडालेल्यांची चित्रे कुठे आहेत? दुरुस्तीच्या दुकानात गणित उलट असते. तिथे फक्त बुडालेलेच येतात. ज्यांचे अपडेट सुखरूप झाले ते दुकानाची पायरी चढत नाहीत, म्हणून दुकानात बसून पाहणाऱ्याला प्रत्येक अपडेट घातक दिसते. देऊळ आणि दुकान, दोन्हीकडे मोजणी अर्धीच होते.

म्हणून अपडेट नेहमीच निर्दोष असते असेही नाही. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगजाहीर झाल्या आणि इंटेलने घाईने नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संच, दिला. हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढीची यंत्रे आपोआप रीस्टार्ट होऊ लागली. 22 जानेवारीला खुद्द इंटेलनेच सांगितले की हा मायक्रोकोड बसवणे थांबवा. इथे अपडेट चाक होते, गाढव नव्हते, आणि ते अन्वय-व्यतिरेकानेच ठरले: बसवला की रीस्टार्ट, काढला की बंद.

इंटेलच्याच तेराव्या आणि चौदाव्या पिढीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. वरच्या दर्जाच्या प्रोसेसरवर गेम बंद पडत आणि संदेश येई की व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. साहजिकच पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर गेला, मग गेमवर, मग मदरबोर्ड कंपन्यांनी सैल सोडलेल्या वीजमर्यादेवर. 2024 च्या जुलैत इंटेलने सांगितले की सदोष मायक्रोकोडमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने तो हळूहळू झिजत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड बायोस अपडेटमधून आला, सप्टेंबरमध्ये त्याची पुढची आवृत्ती आली. पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते अपडेटने बरे होणार नव्हते. अशा मशीनचा मालक अपडेट करतो, दोन दिवसांनी मशीन पुन्हा बंद पडते आणि तो अपडेटला शिव्या घालतो. वेदान्ताच्या वाचकाला यात कर्मविचार दिसेल: ज्ञानाने संचित जळते, पण ज्याचे फळ सुरू झाले ते प्रारब्ध भोगूनच संपवावे लागते. अपडेटने पुढचे नुकसान थांबवले, मागचे पुसले नाही. फरक इतकाच की कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून प्रारब्धाचा काही भार आपल्या अंगावर घेतला.

मशीनच्या बाबतीत चुकीचे कारण धरले तर फार तर हजार-दोन हजारांचा फटका बसतो. लातूर जिल्ह्याने या प्रश्नाचे खूप मोठे रूप पाहिले आहे.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र सरत आलेली, गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. वर्षभर आधीपासून तिथे लहान धक्के जाणवत होते. जवळच माकणीला निम्न तेरणा धरण झाले होते. धरणामुळे भूकंप झाला, ही शंका तेव्हाच निघाली. तिला आधारही होता, कारण 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ जलाशयाशी लावतात. पण कोयनेत तो संबंध नुसता 'आधी धरण, मग भूकंप' एवढ्यावर उभा नाही. जलाशयाची पातळी चढते-उतरते तसे धक्क्यांचे प्रमाणही बदलते, हे वर्षानुवर्षे मोजले गेले आहे. किल्लारीच्या बाबतीत तशी निर्विवाद साखळी जुळली नाही आणि धरणाच्या वाट्यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले.

मात्र माणसे कशाने मेली, याचे उत्तर बरेच स्पष्ट होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. तेवढ्याच तीव्रतेचा धक्का मजबूत बांधणीच्या वस्तीत इतके बळी घेत नाही. भूगर्भाचे कारण माणसाच्या हातात नव्हते, भिंतीचे होते. एकाच घटनेची ही दोन कारणे, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे. पुनर्वसनात नवी गावे वसवली गेली ती दुसऱ्या उत्तरावर.

कारणाच्या शोधात दोषारोप शिरला की काय होते, हे 1934 मध्ये देशाने पाहिले. 15 जानेवारीच्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेच्या विरोधात त्यांच्याच बाजूचे होते, तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली: भौतिक आपत्तींची कारणे भौतिक घटनांतच असतात. गांधीजींच्याच 'हरिजन' साप्ताहिकाने ती हरकत छापली आणि गांधीजींनी उत्तरही दिले. ते आपल्या श्रद्धेवर ठाम राहिले. गांधीजींचा हेतू उदात्त होता. अडचण पद्धतीची होती: अस्पृश्यता तर सगळ्या देशात होती, मग जमीन बिहारचीच का हादरली? ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही गेले, त्यांना कशाची शिक्षा? ज्या कारणाला व्यतिरेक लावताच येत नाही, ते खोडताही येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. ते श्रद्धेच्या प्रांतात राहू शकते. मदतीचा आणि बांधकामाचा आराखडा मात्र त्यावर आखता येत नाही.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी मनुस्मृतीची चिकित्सा केली ती ग्रंथाचे जुनेपण किंवा मोठेपण बाजूला ठेवून. आज तसाच चोखंदळपणा लहान गोष्टींतही हवा. बायोसच्या नव्या आवृत्तीखाली कंपनी पुष्कळदा 'सिस्टीमची स्थिरता सुधारली' एवढेच लिहिते. काय बदलले ते कळत नाही. यूट्यूबवरचा माणूस सांगतो की ही सेटिंग बंद करा, पण बोर्ड त्याचा वेगळा असतो. न्यायशास्त्र आप्तवाक्याला, म्हणजे विश्वासू जाणत्याच्या शब्दाला, प्रमाण मानते, पण आप्त कोण हे आधी ठरवायला लावते.

तेव्हा ज्यांना अपडेट करायचेच आहे त्यांनी आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा, डिस्कचा मोड आणि जुन्या आवृत्तीचा क्रमांक वहीत लिहावा, बिटलॉकरची की कागदावर उतरवावी किंवा ते तात्पुरते थांबवून ठेवावे. मशीन यूपीएसवर घ्यावे. अपडेटनंतर पडदा काळा राहिला तर दहा-पंधरा मिनिटे बटणाला हात लावू नये. त्यानंतरही काही दिसले नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दर बदलानंतर काय झाले ते त्याच वहीत लिहावे. दुकानात जायची वेळ आलीच, तर मशीनबरोबर ती वहीही न्यावी.