गाडी थांबवायचा हक्क

उन्हाळा जवळ आला आणि भारतातून आई-वडील यायचं नक्की झालं, की आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक एक्सेल शीट जन्माला येते. पहिला दिवस सॉल्ट लेक सिटी ते वेस्ट यलोस्टोन, सुमारे ३२० मैल. दुसऱ्या दिवशी ओल्ड फेथफुल, दुपारी पिकनिक टेबलवर जेवण. तिसऱ्या दिवशी धबधबा आणि हेडन व्हॅली, चौथ्या दिवशी ग्रँड टीटन. प्रत्येक रकान्यात वेळ, मैल आणि मुक्काम. माझा व्यवसायच आयटी कन्सल्टिंगचा असल्यामुळे अशा शीटबद्दल मला नितांत आदर आहे! पण एका प्रश्नाला तिच्यात रकाना नसतो. पाच-सहा माणसांचे चार दिवस एकाच माणसाने ठरवायचे, ते कोणत्या अधिकाराने?

कोणी म्हणेल, मग आखणीच करू नका. वाट फुटेल तिकडे जा. विशीत, पाठीवर एक सॅक घेऊन निघताना हे ठीक आहे. पण यलोस्टोनमधल्या राहायच्या जागा उन्हाळ्यासाठी कित्येक महिने आधी भरतात. पार्कचा बहुतेक भाग ७,५०० फुटांहून उंचावर आहे, तिथे थोडं चाललं तरी वडीलधाऱ्यांना दम लागतो. मधुमेह असलेल्या माणसाचं जेवण दोन तास लांबून चालत नाही. गुडघे दुखणाऱ्याला पुढचं स्वच्छतागृह किती मैलांवर आहे हे आधी कळायला हवं. या सगळ्याचा विचार करून केलेली आखणी ही मायाच असते, त्यात शंका नाही.

अडचण त्यापुढे सुरू होते. आखणी करणाऱ्याच्या हाती स्टिअरिंग असतं, क्रेडिट कार्ड असतं, नकाशाही असतो. मागच्या सीटवरचे बाबा म्हणतात, ‘माझं काय, तुम्ही न्याल तिथे!’ याला संमती म्हणायचं का? परक्या देशात, मुलाच्या खर्चाने, मुलीच्या मोजक्या रजेत फिरणारा माणूस ‘मी दमलो’ असं सहसा म्हणत नाही. त्याला भीड पडते. एकेकाळी एस.टी.तून उतरून चहा घ्यायचा की नाही, हे याच बाबांनी सगळ्या कुटुंबासाठी ठरवलेलं असतं. आता ठरवणारे आपण आहोत. सत्तापालट झाला आहे, फक्त त्याची घोषणा कोणी केलेली नाही. म्हणून त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लावणं सोयीचं असलं, तरी न्यायाचं नाही.

जेवणाचंही तसंच. शीटवर ‘लंच, ४५ मिनिटं’ एवढंच लिहिलेलं असतं. पण त्या लंचमधल्या दशम्या आणि चटणी आदल्या रात्री कोणीतरी जागून केलेली असते, आणि मोटेलच्या खोलीत राइस कुकरवर खिचडी टाकताना त्याच व्यक्तीचा सूर्यास्त बघायचा राहून जातो. तिचा तो तास शीटवर कुठेच नसतो.

यावर आपल्याकडे एक बिनतोड वाटणारं उत्तर असतं: ‘अहो, ते पुन्हा कधी येणार? इतक्या लांब आणून सगळं दाखवायला नको?’ हे मनापासून येतं, म्हणूनच ते तपासून घ्यायला हवं. दाखवणं ही आपली हौस असते. पाहणं मात्र त्यांचं असतं, आणि त्याला त्यांचा वेग असतो. ओल्ड फेथफुल साधारण दर दीड तासाने उसळतो. रेंजर पुढची वेळ सांगतात, पण तीही दहा मिनिटं मागेपुढे धरूनच. तिथे सगळे जण बाकावर बसून वाट पाहतात. हेडन व्हॅलीत बायसनचा कळप रस्त्यावर येतो. त्यांच्यापासून २५ यार्ड दूर राहायचा नियम आहे, तेव्हा गाड्यांची रांग निमूटपणे उभी राहते. बायसनसाठी आपण अर्धा तास तक्रार न करता थांबतो. सासूबाईंना नदीकाठी दहा मिनिटं बसावंसं वाटलं, की मात्र घड्याळ पाहतो!

अनेक दिवसांच्या प्रवासाची शिस्त आपल्याला नवी नाही. माउलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हा पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे पंढरपूरपर्यंतचे मुक्काम आधीच जाहीर झालेले असतात. दुपारचं जेवण कुठे, विसावा कुठे, हेही ठरलेलं असतं. आखणी चोख, पण ती पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाला धरून केलेली. ‘विसावा’ या शब्दातच थांबणाऱ्याचा मान आहे. ‘स्टॉप’मध्ये तो नाही.

मग करायचं काय? मला वाटतं, देहाच्या गरजांची आखणी काटेकोर असावी आणि डोळ्यांची सैल. औषधं, जेवण, मुक्काम पक्के. बाकी कोणते पॉइंट गाळता येतील हे निघण्याआधीच सर्वांनी मिळून ठरवावं. गाडीतल्या प्रत्येकाला, अगदी सात वर्षांच्या नातवालाही, दिवसातून एकदा कारण न देता गाडी थांबवायला सांगायचा हक्क असावा. सगळेच थांबवू लागले तर पोहोचणार कधी, हा प्रश्न रास्त आहे. अंधार पडल्यावर रस्त्यावर जनावरं येतात, म्हणून सुरक्षिततेबाबत शेवटचा शब्द गाडी चालवणाऱ्याचाच. पण वेळ कमी पडून काही गाळायची पाळी आली, तर आधी आखणाऱ्याच्या आवडीची जागा गळावी. ज्याच्या हाती अधिकार आहे, तोटा त्याने आधी सोसावा. घरात काय किंवा राज्यात काय, अधिकार शोभतो तो याच अटीवर.

तेव्हा या उन्हाळ्यात एक्सेल शीट जरूर करा. निघण्याआधी ती मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून मागच्या सीटवर द्या. आणि सोबत एक पेन्सिलही द्या.