वाढत्या मंडळीला पाळक कोण देणार?

आजचे वाचन : २ तीमथ्य २:१-७, तीत १:५-९



आजच्या वाचनातले दुसरे वचन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. पण एकदा बोटांवर मोजून पाहा, त्यात माणसांच्या किती पिढ्या आहेत? पौल एक. त्याच्याकडून ऐकलेला तीमथ्य दोन. तीमथ्य ज्यांच्यावर सोपवणार ती विश्वासू माणसे तीन. आणि ती माणसे ज्यांना शिकवतील ते चार. एका वचनात चार पिढ्या! आणि हे लिहिणारा कुठे बसला आहे? तुरुंगात. शेवटच्या अध्यायात तो आपला झगा मागवतो, चर्मपत्रे मागवतो, हिवाळ्याआधी ये म्हणतो. आपला वेळ संपत आला हे त्याला ठाऊक आहे. अशा वेळी माणूस घरादाराची निरवानिरव करतो. पौल शिक्षकांची सोय लावतो आहे.

हे वचन मी आमच्या शनिवारच्या वर्गात घेतले तेव्हा कागलकडचा एक भाऊ पटकन म्हणाला, "सर, म्हंजे हे लागण, खोडवा, निडवा असंच की!" मला फार आवडले. ऊस लावणाऱ्याला वेगळे सांगायला नको. लागणीचा ऊस जोमदार येतो, खोडव्याला उतारा कमी पडतो, निडव्याला आणखी कमी. पाचट नीट ठेवली, बुडखे छाटले, खत वेळेवर दिले, तरच खोडवा साथ देतो. नुसते पाणी सोडून बसलात तर पाने हिरवी दिसतील, कांड्यात रस नसेल. पौलाने त्याच उताऱ्यात शिपाई आणि मल्ल यांच्याबरोबर कष्टकरी शेतकरी आणला आहे, तो उगाच नव्हे.

हा वर्ग म्हणजे काही मोठी संस्था नाही. मी निवृत्त शिक्षक, मंडळीचा वडील, पाळक नव्हे. महिन्यातून दोन शनिवारी दुपारी अकरा-बारा जण येतात. कोणी गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून थेट येतो, कोणी रिक्षा चालवतो, एक बहीण अंगणवाडीत मदतनीस आहे, दोघे निपाणीकडून एसटीने येतात. गळीत हंगाम सुरू झाला की निम्मा वर्ग रिकामा. हे सगळे आपापल्या गावी घरातल्या सोप्यात, पत्र्याच्या शेडमध्ये उपासना घेतात. लोक त्यांना 'पास्टर' म्हणतात. कोणी नेमले? कोणीच नाही. प्रार्थनेला चार घरे जमली, चाराची दहा झाली, आणि ज्याला वाचता येत होते तो पुढे उभा राहिला. बस्स.

त्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी मला विचारले, "सर, सहा वर्षं वचन सांगतोय, पण लेवीय काय मला अजून उमगलं न्हाई. लोकांनी इचारलं तर काय सांगू?" हे विचारायला धैर्य लागते. सेमिनरीत शिकलेल्या कितीतरी जणांना लेवीय उमगलेले नसते, ते फक्त विचारत नाहीत.

कोल्हापुरात हा प्रश्न नवा नाही. १८५२ मध्ये आर. जी. वाइल्डर आणि त्यांची पत्नी इथे आले तेव्हा त्यांनी शाळांवर भर दिला. पुढे १८५४ च्या अखेरीस त्यांच्याच अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी पश्चिम हिंदुस्थानात आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मंडळीला आपला देशी पाळक हवा, तिचा खर्च तिने उचलावा आणि शुभवर्तमान तिनेच पुढे न्यावे. मिशनरी कायमचा राहायला आलेला नाही. अहमदनगरला हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती याच काळात. पण अँडरसनसाहेबांच्या धोरणात इंग्रजी शाळांना फारशी जागा नव्हती आणि वाइल्डरांचा जीव शाळांत. दोघांचे पटले नाही. शेवटी १८६१ मध्ये वाइल्डर बोर्डाविना, आपल्या हिमतीवर कोल्हापूरला परत आले. पुढे १८७० मध्ये हे काम प्रेसबिटेरियन मिशनने हाती घेतले.

मला विचाराल तर दोघांचेही अर्धे बरोबर होते. पाळक आपल्यातलाच हवा, हे अँडरसन यांचे खरे. पण शाळा बंद करून शिकलेला पाळक आणायचा कुठून? आज दीडशे वर्षांनंतर आमच्या वर्गात तोच वाद वेगळ्या कपड्यांत येतो. जुन्या दगडी चर्चमधले म्हणतात, "हे कसले पाळक? ना पदवी, ना दीक्षा." आणि नवीन संगतीतले म्हणतात, "पवित्र आत्मा शिकवतो, पदवी कशाला?"

याच वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथे कोल्हापुरात जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले, तिथे त्याच्या खटपटीने शंभर तरुणांनी परदेशी सेवेसाठी नाव दिले आणि त्यातून पुढे जगभर हजारो मिशनरी गेले. आपल्या गावाचे हे एक देणे आहे, आणि ते आपल्या पोरांना माहीत नसते, याचे मला वाईट वाटते. पण पाठवलेले लोक पोचल्यावर काय? इथिओपियात वोलायता भागातून १९३७ मध्ये इटालियन सत्तेमुळे मिशनरींना निघावे लागले. मागे राहिले बाप्तिस्मा घेतलेले जेमतेम पन्नासेक. युद्धानंतर परत येऊन पाहतात तर विश्वासणारे दहा हजारांच्या घरात! ही साक्ष आपण संमेलनात ऐकतो आणि हालेलुया म्हणतो. म्हणावेच. पण ज्यांच्याकडे अख्खे बायबलही नव्हते, त्या दहा हजारांना शिकवायचे कोणी, हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला. चीनमध्येही तसेच. बंद झालेली चर्चे १९७९ नंतर उघडू लागली, नानजिंगची सेमिनरी १९८१ मध्ये पुन्हा सुरू झाली, तोवर जुने पाळक म्हातारे झाले होते आणि उपासनेला माणूस मावेना. वाढ ही देवाची देणगी आहे, पण ती शिक्षकाची वाट पाहत थांबत नाही.

मग सगळ्यांना सेमिनरीत पाठवावे का? आपल्याकडे चांगल्या सेमिनरी आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली, १९८३ मध्ये पुण्याला आली. तिथे शिकून आलेल्यांनी आपल्या मंडळ्यांना खूप दिले आहे. पण रिक्षाचे हप्ते चालू आहेत, घरी म्हातारी आई आहे आणि इंग्रजी येत नाही, असा माणूस तीन-चार वर्षे पुण्याला कसा राहणार? आणि राहिलाच तर परत गावी येईल का? हीच अडचण ग्वातेमालातल्या प्रेसबिटेरियन सेमिनरीला आली होती. शिकायला आलेले शहरातच राहायचे, गावे पाळकाविना. १९६३ मध्ये त्यांनी उलटे केले. सेमिनरीच गावाकडे नेली. घरी स्वतः अभ्यास करायचा, आठवड्यातून एकदा शिक्षकाबरोबर बसायचे, आणि शिकलेले त्याच रविवारी मंडळीत वापरायचे. भारतात बंगळूरच्या टॅफ्टीने हीच वाट धरली. आमचा शनिवारचा वर्ग त्याच झाडाची एक बारीक फांदी.

आणि हे काही विसाव्या शतकातले डोके नाही हो. प्रेषितांची कृत्ये १९:९-१० काढा. इफिस येथे पौल तुरन्नाच्या पाठशाळेत रोज शिकवत असे, दोन वर्षे. काही जुन्या हस्तलिखितांत तर वेळही दिली आहे, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. म्हणजे भर उन्हाची, सगळे गाव आडवे होण्याची वेळ. तेव्हा पाठशाळा रिकामी मिळत असणार, आणि हातावर पोट असलेल्यांनाही तेवढाच वेळ मोकळा असणार. एपफ्रास बहुधा त्याच काळात शिकला आणि कलस्सैला मंडळी उभी राहिली. पौल स्वतः तिथे गेलेला दिसत नाही. रात्रपाळीचा आमचा भाऊ डुलक्या काढतो तेव्हा मी त्याला तुरन्नाची आठवण करून देतो.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एका गावातल्या संगतीत एक बहीण मधुमेहाच्या गोळ्या घेत होती. तिथे पुढारीपण करणारा भाऊ तरुण, तळमळीचा, रात्र रात्र प्रार्थना करणारा. त्याने तिला सांगितले, गोळी घेणे म्हणजे अविश्वास. तिने गोळ्या बंद केल्या. पायाला जखम झाली, तेलाने प्रार्थना झाली, जखम चिघळली. दवाखान्यात नेले तोवर दोन बोटे काढावी लागली. आणि त्याच वर्षी ती संगती दुप्पट झाली होती!

तो भाऊ आमच्या वर्गात आला तेव्हा काही जण म्हणाले, याला बसवू नका. मी म्हटले, हाच बसला पाहिजे. त्याच्या पुढ्यात मी भाषण ठेवले नाही, तीन वचने ठेवली. १ तीमथ्य ५:२३, जिथे पौल तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. कलस्सै ४:१४, जिथे लूक वैद्य आहे आणि प्रियही आहे. आणि २ तीमथ्य ४:२०, जिथे त्रफिम आजारी होता म्हणून पौलाने त्याला मिलेत येथे मागे ठेवले. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, त्याच पौलाने! भाऊ बराच वेळ तिसऱ्या वचनावर बोट ठेवून बसला. मग म्हणाला, "सर, हे माझ्या बायबलात बी हाय. मला कुणी दावलंच न्हाई."

"मला कुणी दावलंच न्हाई." कूशी माणूस रथात यशया वाचत होता तेव्हा फिलिप्पाला हेच म्हणाला होता, फक्त शब्द निराळे. अपुल्लोही आवेशी होता, वक्ता होता, पण त्याला मार्ग अर्धाच ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला चारचौघांत खाली पाहायला लावले नाही, जवळ घेऊन नीट समजावले. आणि त्या जोडप्यात प्रिस्किल्लेचे नाव तिथे आधी येते, हे आमच्या अंगणवाडीच्या बहिणीने सगळ्यांना दाखवून दिले.

त्या भावाने पुढच्या रविवारी आपल्या संगतीत उभे राहून तिन्ही वचने वाचली आणि त्या बहिणीची माफी मागितली. गोष्ट इथेच संपली असती तर साक्ष म्हणून छान होती. पण चार घरे त्याला सोडून गेली. "ह्याचा विश्वास कमी झाला" म्हणाली, आणि जो अजून गोळ्या बंद करायला सांगतो अशा दुसऱ्याकडे गेली. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर मिरज आहे, जिथे डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दवाखाना उभारला, जिथे प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छताखाली चालत आल्या. आणि तरीही आपल्या लोकांना हे दोन्ही एकमेकांचे वैरी वाटावेत! म्हणून नवशिष्याला पुढारी करू नये हे १ तीमथ्य ३:६ मधले सांगणे मला आता रागाचे वाटत नाही. त्यात त्या तरुणाची दया आहे आणि त्या बहिणीच्या पायाचीही.

तरी क्रेतमध्ये पौलाने काय केले ते विसरू नका. मंडळ्या नवीन, लोकांची ख्याती वाईट, तरी तो तीताला 'थांब, वीस वर्षांनी बघू' म्हणत नाही. नगरोनगरी वडील नेम म्हणतो. फक्त कसे असावेत ते सांगतो. ती यादी आमच्या वर्गाला येत्या शनिवारपर्यंत पाठ करून यायची आहे. एकपत्नी, रागीट नको, पैशाचा लोभी नको, पाहुणचार करणारा, आणि शिकलेल्या सत्य वचनाला धरून राहणारा, म्हणजे त्याला बोधही करता येईल आणि उलट बोलणाऱ्याला उत्तरही देता येईल. ज्यांना जमेल त्यांनी घरच्यांसमोर म्हणून दाखवायची. बायको हसली तर का हसली ते विचारून यायचे.

प्रार्थना : हे प्रभू, तुझ्या कळपाला राखणारे दे, आणि जे राखायला उभे आहेत त्यांना शिकवणारे दे. त्या बहिणीची जखम भरू दे, तिची साखर आटोक्यात राहू दे. गेलेल्या चार घरांना सुखरूप ठेव. रात्रपाळी करून येणाऱ्यांना शनिवारी जागे ठेव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्याचे वाचन : तीत २:१-१०