क्यूच्या टोकावरची भुकटी: साधन, कर्ता आणि सामाईक टेबल

पूल किंवा स्नूकर खेळताना क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकावरच्या कातडी टिपेला चॉक लावतात. गुळगुळीत कातडे गुळगुळीत चेंडूवरून निसटू नये, एवढेच त्याचे काम. फटका चेंडूच्या बरोबर मध्यावर बसला तर चॉकची फारशी गरज पडत नाही. चेंडूला फिरकी द्यायची असली की मध्य सोडून वर, खाली किंवा बाजूला मारावे लागते, आणि तिथे घर्षण कमी पडले की टिप घसरते. खेळाडू याला मिसक्यू म्हणतात. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाइतका टिकतो. चॉकला आपले काम तेवढ्या वेळात करावे लागते.

नाव चॉक असले तरी त्यात आज खडू नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कातडी टिप आली तेव्हा खेळाडू खरोखरच चुनखडीचा खडू वापरत. पुढे अमेरिकेत बिलियर्ड्सपटू विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी सिलिका आणि कुरुंदाच्या जातीचे कठीण कण एकत्र करून नवे मिश्रण बनवले. त्याचे पेटंट 9 मार्च 1897 रोजी मिळाले. आज ज्याला पारंपरिक चॉक म्हणतात तो याच मिश्रणाचा वंशज, म्हणजे ही परंपरा सव्वाशे वर्षांची आहे आणि तिचा जन्म प्रयोगशाळेतला आहे. जुने ते नैसर्गिक आणि नवे ते कृत्रिम, हा भेद इथे मुळातच टिकत नाही.

गेल्या काही वर्षांत जपान, फिनलंड अशा देशांतून महागडे चॉक आले. त्यांच्या एका तुकड्याच्या किमतीत साध्या चॉकचा डबा येतो आणि वर पैसे उरतात. टिप नीट घासून ताजा चॉक लावला असेल, तर मिसक्यू टाळण्याच्या बाबतीत साधा आणि महाग यांत मोठे अंतर पडत नाही. अंतर पडते ते दोन गोष्टींत. चांगला महाग चॉक टिपेवर जास्त फटके टिकतो, आणि त्याची भुकटी कापडावर व चेंडूवर कमी उतरते. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चेंडूवर चॉकचा ठिपका राहिला आणि दोन चेंडू नेमके त्या ठिकाणी आपटले, तर ते क्षणभर चिकटल्यासारखे होतात आणि चेंडू ठरल्या वाटेवरून ढळतो. याला किक म्हणतात. खेळाडूने सगळे बरोबर करूनही फटका चुकतो, तो असा.

यश कर्त्याचे किती आणि साधनाचे किती, हा जुना प्रश्न इथून सुरू होतो. खानदेशात अशा प्रश्नांचा विचार पूर्वीपासून झाला आहे. अमळनेरला प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 मध्ये तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली. धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे तिथे मुख्यतः शरीर आणि करण म्हणजे इंद्रिये. पण हा अर्थ थोडा सैल करून टेबलापाशी नेला, तर टेबल अधिष्ठान होते, खेळाडू कर्ता, क्यू करण, हाताची हालचाल चेष्टा, आणि अवचित आलेली किक दैव.

यात चॉक कुठे बसवायचा? पाणिनीने क्रिया सिद्धीस नेणाऱ्या साधनांतले जे सर्वांत प्रभावी, त्याला करण म्हटले. तो मान क्यूचा. चॉकला नैयायिकांच्या भाषेत सहकारी कारण म्हणणे योग्य ठरेल: तो नसला तर कार्य बिघडते, पण केवळ तो आहे म्हणून कार्य घडत नाही. बीजाला ओल लागते, पण ओलीतून ज्वारी उगवत नाही. म्हणून महाग चॉकने खेळ सुधारला, हे विधान अर्धेच खरे आहे. त्याने दोष कमी केला. गुण आला असेल तर तो सरावातूनच. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले आणि 1964 मध्ये त्यांनी ते विजेतेपद पुन्हा मिळवले. हे महाग चॉक तेव्हा अस्तित्वातही नव्हते.

मात्र एवढ्यावरून साधनाला क्षुल्लक ठरवणेही चूक आहे. विनोबांनी चौथ्या अध्यायावर बोलताना बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची, म्हणजे मनाच्या साथीची, जोड हवी असे सांगितले. चॉक लावण्याच्या दोन-तीन सेकंदांत खेळाडू टिप पाहतो, श्वास स्थिर करतो, पुढचा फटका मनात मांडतो. मन तिथे असेल तर ती तयारी असते, नसेल तर नुसते घासणे. हे साध्या चॉकनेही होते आणि महागाचीही त्याला आडकाठी नाही.

किमतीचा प्रश्न निराळा, आणि त्याला खानदेशाच्या आसपासच दोन मोठी उदाहरणे सापडतात. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी तांबडा आणि पिवळा रंग गेरू व पिवळ्या मातीतून घेतला, हिरवा दख्खनच्या खडकात मिळणाऱ्या हिरव्या मातीतून, काळा काजळीतून. निळ्यासाठी मात्र त्यांनी लाजवर्द वापरला. तो आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. आसपासच्या प्रदेशात त्या निळ्याला पर्याय नव्हता, म्हणून महागडा दगड इतक्या दूरवरून आणला गेला. जिथे गावची माती पुरेशी होती तिथे त्यांनी गावची मातीच वापरली.

दुसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचे. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरले. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून उभी केली. साधेपणा ही तिथे कामाचीच गरज होती. संगमरवरी कमान त्या अधिवेशनाला खोटी ठरली असती. लाजवर्द आणि बांबू या दोन्ही निवडी बरोबर होत्या, कारण दोन्हीकडे कामाला काय हवे हे आधी पाहिले गेले.

चॉकच्या बाबतीत हा निकष लावताना एक गोष्ट नजरेआड होते. क्यू खेळाडूचा स्वतःचा असतो, टेबल सगळ्यांचे असते. साधा चॉक टेबलाच्या कडेवर पडलेला असतो. जो येईल तो उचलतो, प्रतिस्पर्धीही तोच वापरतो. महाग चॉक खेळाडूच्या खिशात जातो किंवा पट्ट्याला लोहचुंबकाने लटकतो. अपरिग्रहाच्या दृष्टीने पाहिले तर साध्या चॉकचे पारडे जड वाटते: तो कोणाच्या मालकीचा नाही, हरवला तर दुःख नाही. पण त्याची भुकटीही तशीच सगळ्यांची होते. एकाने लावलेल्या चॉकचा ठिपका दुसऱ्याच्या फटक्याला किक देतो. भुकटीने मळलेले कापड संध्याकाळी क्लबचा पोऱ्या ब्रशने झाडतो. साधनशुद्धीचा विचार करताना माणूस साधन आणि आपले साध्य एवढेच पाहतो. साधनाचा जो अवशेष दुसऱ्याच्या वाट्याला जातो, तोही त्याच हिशेबातला आहे.

त्यामुळे महाग चॉकची खरी बाजू खेळाडूच्या गुणांत मोजता येत नाही. तो विकत घेणारा स्वतःच्या पैशाने सामाईक टेबल स्वच्छ ठेवतो आणि त्याचा लाभ प्रतिस्पर्ध्यालाही तेवढाच होतो. उलट, महाग चॉक आहे म्हणून टिपेवर थर चढेपर्यंत तो घासत राहणारा हा लाभ घालवतो. साधा चॉक वापरणारा हलक्या हाताने, टिप फिरवत चॉक लावत असेल, जादा भुकटी टेबलापासून दूर झटकत असेल आणि चेंडू पुसून घेत असेल, तर टेबलाचे तो जवळजवळ तेवढेच भले करतो. चॉकचा तुकडा कडेवर ठेवताना लावायची बाजू वर ठेवण्याची चालही याच विचारातली आहे. उलटा ठेवला की लाकडावर डाग उमटतो आणि पुढच्याच्या हाताला व बाहीला तो लागतो.

खेड्यापाड्यांत जास्त खेळल्या जाणाऱ्या कॅरममध्ये हीच गोष्ट उलट्या अंगाने दिसते. तिथे बोरिक पावडर घर्षण कमी करण्यासाठी भुरभुरतात आणि ती मुळातच सामाईक असते, कारण बोर्ड एकच. पावडर कोणी आणली याने कोणाच्या सोंगट्या जास्त सरकत नाहीत. क्यूच्या खेळात चॉक खिशात नेता येतो, म्हणून तो आपला आहे असे वाटते. फटका बसल्यावर त्याचा काही भाग टिपेवर राहतो आणि उरलेला टेबलावर उतरतो. पुढची पाळी ज्याची, त्याला त्याच कापडावर खेळायचे असते.