ओल कुठून येते?



जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा १४वा अध्याय आपण सहसा उघडत नाही. त्याच्या उत्तरार्धात घराच्या भिंतीविषयी नियम आहेत. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले, तर घरधन्याने जाऊन याजकाला सांगावे. याजकाने आधी घर रिकामे करून घ्यावे, मग डाग भिंतीत खोल गेला आहे का ते पाहावे आणि घर सात दिवस बंद ठेवावे. डाग पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावेत, भिंती आतून खरवडाव्यात आणि नवा गिलावा करावा. तरीही डाग परत आला तर घरच पाडावे. हा बुरशीचा प्रकार असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे भिंती तपासणे हे त्या काळी याजकाचे काम होते! आज हे काम आम्हा धर्मगुरूंपैकी किती जणांना जमेल, देव जाणे.

एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. या सगळ्या नियमांत डागावर रंग फासायला कुठेही सांगितलेले नाही.

आपण नेमके तेच करतो. नाताळ जवळ आला की ओल्या भिंतीवर चुन्याचा हात मारतो आणि उन्हाळ्याआधीच पोपडे निघतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कार्य आणि कारण यांचा धडा आम्ही घोकला होता. तो इथे लागू पडतो. डाग हे कार्य आहे, कारण दुसरीकडे असते. पाणी उताराकडे सरकते, म्हणून ओल खाली दिसते आणि फुटलेला सांधा वर न्हाणीघरात असू शकतो. कारण शोधायचे असेल तर रात्री टाकीत येणारे पाणी बंद करावे, सगळे नळ बंद करावेत आणि टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी. सकाळी पाणी खाली गेलेले दिसले तर गळती घरातच आहे. संडासच्या फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकावी आणि अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात निळे पाणी उतरले तर टाकीचे रबर गेले, असे समजावे.

आपल्या जिल्ह्यात, विशेषतः पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, नळ लवकर गळू लागतात त्याला पाणीही कारण आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील विहिरी-बोअरच्या पाण्यातले क्षार नळाच्या आत बसतात. त्यामुळे वायसर नीट टेकत नाही. मग आपण नळ जोराने पिळतो आणि रबर फाटते. खरे तर नळ खोलून आतली खर साफ करायची आणि नवा वायसर घालायचा, एवढेच काम असते.

थेंबाने काय होते, असे कोणी म्हणेल. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे एक नळ महिन्याभरात दोन माणसांच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक पाणी वाया घालवतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. येळगावच्या धरणातले पैनगंगेचे पाणी बुलढाणा शहराच्या नळांपर्यंत आणायलाही वीज आणि माणसांचे श्रम लागतात.

पण पाणी वाया जाणे हे अर्धेच नुकसान आहे. अनेक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही. पाणी बंद झाले की पाइपातला दाब जातो. मग ज्या भेगेतून पाणी बाहेर गेले, त्याच भेगेतून गटाराचे पाणी आत येते आणि पुढच्या पाळीला ते कुणाच्या तरी हंड्यात पडते. आपल्या दारातल्या फुटक्या जोडणीमुळे कावीळ किंवा हगवण होते ती गल्लीतल्या शेवटच्या घरातील लेकराला. आधीच त्या घराला पाणी कमी दाबाने मिळते. ही गळती आमच्या हद्दीत, ती नगरपरिषदेच्या हद्दीत, हा वाद आम्ही पुष्कळ ऐकला आहे. त्या लेकराला हद्द कशी समजावून सांगणार?

यिर्मया संदेष्टा इस्राएली लोकांवर ठपका ठेवतो, तो याच अनुभवाच्या भाषेत. जिवंत पाण्याचा झरा सोडून त्यांनी पाणी न धरणारी फुटकी टाकी खोदली, असे तो म्हणतो. पावसाचे पाणी दगडात कोरलेल्या टाक्यांत साठवून उन्हाळा काढणारा तो देश होता. तडा गेलेले टाके म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला फोड करून सांगावे लागत नव्हते. आपल्यालाही लागू नये.

धर्मग्रामात काही आजी एकट्या राहतात. नळ गळतो म्हणून खाली बादली ठेवतात आणि कुणाला सांगायला संकोचतात. तरुणांनो, ज्याच्या घरी पान्हा आहे त्याने रविवारच्या मिस्सानंतर थांबावे. वायसर आणि टेफ्लॉन टेप आम्ही आणून ठेवू. कुणाकडे जायचे ते मंडळाच्या भगिनी सांगतील. जिथे भिंतीच्या आतला पाइप गेला असेल, तिथे हात न घालता प्लंबरलाच बोलवावे. त्याची मजुरी त्या घराला परवडत नसेल तर आम्हाला येऊन भेटावे.